एक दिवस दांडीचा

टिटवाळा हे दांडी मारून येण्याचे गाव आहे, असे मी म्हटले तर आमच्या गावकऱ्यांना राग येईल. पण मंगळवारी सकाळी कसाऱ्याकडे जाणारी लोकल टिटवाळ्याला थांबली, की फलाटावर उतरणाऱ्यांकडे जरा नीट पाहावे. हातात दूर्वांची जुडी घेतलेल्या आजी असतात, लग्न जमावे म्हणून आलेली मंडळी असतात आणि त्यांच्या मागून रेंगाळत येणारे चार-पाच जणांचे एक टोळके असते. पाठीला दप्तर आणि अंगात गणवेशावर चढवलेला स्वेटर, तोही भर उन्हात. कल्याण, उल्हासनगर, डोंबिवलीच्या शाळा-कॉलेजांतून निसटलेली ही पाखरे. घरी कळलेच तर ‘गणपतीला गेलो होतो’ एवढे उत्तर पुरते. गणपतीला गेलेल्या मुलाला कोणती आई रागावणार? आणि रागावली तरी किती?

मग प्रश्न असा पडतो, की ज्यांच्या गावातच हा गणपती आहे, त्या टिटवाळ्याच्या मुलांनी दांडी मारून जावे कुठे? देवळात जावे तर हारवाल्यापासून टांगेवाल्यापर्यंत सगळे ओळखीचे. ‘काय रे, आज शाळा नाही वाटतं?’ असे तळ्याच्या काठावर दहा जण विचारणार. म्हणून आमची मुले देवळाकडे पाठ करून काळू नदीवर जात.

मी १९८४ साली लग्न होऊन या गावात आले आणि त्याच वर्षी इथल्या एका शाळेत मराठी आणि इतिहास शिकवू लागले. २०१८ साली निवृत्त झाले. म्हणजे ३४ वर्षे हजेरी घेतली. या काळात कॅटलॉगमध्ये ‘गै’ हे अक्षर मी किती वेळा लिहिले असेल, याचा हिशेब चित्रगुप्तालाच ठाऊक. ताप, लग्न, बारसे, भातकापणी, आजोबांचे वर्षश्राद्ध अशी कारणांची चिठ्ठी दुसऱ्या दिवशी यायची. काही मुलांचे आजोबा वर्षातून दोनदा वारले. पण वर्षात एक दिवस असा यायचा, की त्या दिवशीच्या ‘गै’ला कुणी चिठ्ठी आणत नसे आणि मीही मागत नसे. तो दहावीच्या दांडीचा दिवस.

दहावीची पूर्वपरीक्षा जानेवारीत. तिच्या आधी, डिसेंबरच्या शेवटच्या दिवसांत कधीतरी दहावीचा अख्खा वर्ग शाळेत येत नसे. तारीख कोण ठरवते, कुठे ठरते, हे मला शेवटपर्यंत कळले नाही. आदल्या दिवशी मात्र एक खूण दिसायची. एरवी तास संपायची वाट पाहणारी मुले फार गुणी वागू लागायची. डस्टर जागेवर, फळा स्वच्छ, बाकांच्या रांगा सरळ. इतके सौजन्य दिसले, की आम्ही शिक्षक एकमेकांकडे पाहून समजून घ्यायचो, उद्या वर्ग रिकामा. सकाळी फळ्यावर तेवढी एक ओळ असायची, ‘आज दहावी बंद.’ ती बहुधा नववीच्या मुलांकडून लिहवून घेतलेली असे. म्हणजे पुढच्या वर्षीची पिढीही तयार.

या उद्योगाचा नियम एकच होता. जायचे तर सगळ्यांनी, नाहीतर कुणीच नाही. एकट्याने मारली तर ती दांडी आणि चोवीस तास धाकधूक. सगळ्यांनी मिळून मारली, की तिला संपाची प्रतिष्ठा येते. चाळीस जणांना एकाच वेळी अंगठे धरून उभे करायला व्हरांडाही पुरत नाही, हे मुलांना चांगले ठाऊक असते.

आपल्या भाषेने तरी या गुन्ह्याला किती लाडाची नावे दिली आहेत! कुणी दांडी मारतो, कुणी बुट्टी मारतो, मुंबईकडचा पोरगा कल्टी मारतो, कॉलेजात गेला की बंक करतो. घरातली मोठी माणसे मात्र ‘शाळा बुडवली’ म्हणतात, जणू मुलाने आख्खी इमारत पाण्यात लोटली. इतिहासाच्या तासाला तर माझी दरवर्षी परीक्षा असे. १२ मार्च १९३० रोजी गांधीजी साबरमतीहून निघाले आणि ६ एप्रिलला त्यांनी दांडीला मीठ उचलले, हे वाक्य मी कितीही गंभीर चेहऱ्याने म्हटले, तरी ‘दांडी’ शब्दाला शेवटच्या बाकावर खसखस पिकायचीच. एकदा एकाने उभे राहून विचारलेसुद्धा, ‘बाई, देशासाठी मारलेली दांडी चालते का?’ मी त्याला १९२० सालच्या असहकाराची गोष्ट सांगितली. सरकारी शाळा-कॉलेजे सोडा, अशी हाक आली आणि चांगली शिकणारी मुले शिक्षण सोडून बाहेर पडली. नंदुरबारच्या शिरीषकुमारची गोष्ट सांगितली. ९ सप्टेंबर १९४२ रोजी तिरंगा घेऊन मुलांच्या मिरवणुकीत निघालेला तो पंधरा वर्षांचा पोर पोलिसांच्या गोळीने गेला. वर्ग एकदम शांत झाला. विचारणारा खाली बसला. दांडी आणि बहिष्कार यांतला फरक मला वेगळा समजावून सांगावा लागला नाही.

ही हौस फक्त आपल्याच मुलांची आहे, असे मात्र कुणी समजू नये. पोलंडमध्ये २१ मार्च, म्हणजे वसंताचा पहिला दिवस, हा शाळा बुडवणाऱ्यांचा दिवस म्हणूनच ओळखला जातो. लांबलचक हिवाळ्यानंतर ऊन पडले, की मुले वर्गात बसायला तयार नसतात. अमेरिकेत शाळेच्या शेवटच्या वर्षाची मुले उन्हाळ्याच्या तोंडावर एक दिवस ठरवून गायब होतात. मला सर्वांत आवडली ती कॅलिफोर्नियातल्या कॅलटेक या नामांकित विज्ञानसंस्थेतली रीत. तिथे शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी एका दिवशी संस्था सोडून पळतात, पण जाताना धाकट्यांसाठी अवघड कोडी रचून ठेवतात. धाकट्यांनी तो दिवस ती सोडवण्यात घालवायचा. वर्ग त्यांचेही बुडतात, डोके मात्र चालू राहते. आमच्या मुलांनी नववीला फळ्यावरची एक ओळ दिली, तेवढेच.

या सगळ्याकडे मी आज हसून पाहते आहे. पण एका वर्षीच्या दांडीने मला असे काही शिकवले, की त्यानंतर हजेरी घेताना माझा आवाजच बदलला. ती गोष्ट सांगण्यासाठीच हा सारा प्रपंच.

साल १९९१. दहावीची मी वर्गशिक्षिका होते. पटावर ४३ मुले. डिसेंबरातला शुक्रवार, प्रार्थना झाली आणि मी वर्गात आले, तर बाके रिकामी. अपेक्षेप्रमाणे फळ्यावर ती ओळ. मी कॅटलॉग मिटला आणि हसू दाबत शिक्षकांच्या खोलीत जाऊन बसले. पण त्या वर्षी आमचे मुख्याध्यापक नवीन होते. त्यांना ही रीत माहीत नव्हती. ‘बाई, ४३ मुलं नदीवर आणि तुम्ही वह्या तपासताय?’ त्यांचा आवाज चढलेला होता आणि खरे सांगायचे तर त्यांचे चुकत नव्हते. काळू ही काही खेळायची नदी नाही. पावसाळ्यात रुंद्याचा पूल पाण्याखाली जातो आणि पलीकडच्या गावांची वाट बंद होते. डिसेंबरात तिचे पाणी नितळ, संथ दिसते. पण डोह काही ऋतू पाहून उथळ होत नाहीत. पोहता येणारेही अशा डोहात जातात.

शिपायाला बरोबर घेतले, टांगा केला, पुढची वाट पायी तुडवली. मनात नको नको ते येत होते. नदीचा काठ दिसला तेव्हा आधी आवाज आला, भेंड्या चालल्या होत्या. मुली खडकावर ओळीने बसलेल्या. एका मोठ्या वर्तमानपत्रावर कुरमुऱ्यांचा ढीग आणि त्यात दोघे कांदा कालवत होते. पाच-सहा मुलगे पाण्यात. मला पाहताच भेंड्या अर्ध्यावर थांबल्या. पाण्यातले बाहेर आले आणि ओल्या अंगावर सदरे चढवून उभे राहिले. एकाने तशाही स्थितीत कागदाचा द्रोण पुढे केला, ‘बाई, भेळ?’

मी आधी मोजले. ४२ भरली. पुन्हा मोजले. पुन्हा ४२.

त्या क्षणी पायाखालची वाळू सरकणे म्हणजे काय, ते कळले. मी पाण्याकडे पाहिले. पाणी अगदी शांत. कॅटलॉग बरोबर नव्हता, पण वर्गशिक्षिकेला पट पाठ असतो. मी तिथेच, नदीच्या काठावर, हजेरी सुरू केली. एक नंबर, हजर. दोन नंबर, हजर. एरवी पाठीमागून वेगवेगळ्या आवाजांत टिंगल करत येणारे ‘हजर बाई’ त्या दिवशी नीट, सरळ येत होते. मुलांनाही काय चालले आहे ते कळले होते. एकतीस नंबरला कुणी बोलले नाही. मी पुन्हा म्हटले, ‘एकतीस?’

एका मुलीने मान खाली घालून सांगितले, ‘बाई, ती आमच्याबरोबर नाहीये. तिला... आम्ही सांगितलंच नव्हतं.’

‘का?’

‘ती काय, यायचीच नाही बाई. तिला कुठं काय जमतं?’

एकतीस नंबर नदीपलीकडच्या एका गावातून चालत येई. रोज उशीर. पहिला तास संपून दुसरा सुरू झाला, की दाराशी उभी राही, घामाने ओली, पायांवर धूळ. मी तिला जूनपासून कितीदा तरी दाराबाहेर उभे केले होते. ‘सगळे वेळेवर येतात, तुलाच काय होतं?’ हे वाक्य माझेच. ती कधी उत्तर देत नसे. उत्तर द्यायला मी कधी थांबलेही नव्हते.

शिपायाला मुलांबरोबर ठेवले आणि मी शाळेत परत आले. एकतीस नंबर वर्गात होती. तिसऱ्या बाकावर एकटी. फळ्यावरची ओळ पुसून तिने त्या दिवसाची तारीख घातली होती, सुविचार लिहिला होता आणि वही उघडून बसली होती. दुसऱ्या तासाला रोजच्यासारखी पोचली, वर्ग रिकामा पाहिला, तरी परत फिरली नाही.

मी तिच्या शेजारच्या बाकावर बसले. म्हटले, ‘तू का नाही गेलीस? नंतर तरी कुणीतरी सांगितलं असेल ना?’

ती म्हणाली, ‘नदी काय बाई, ती मी रोजच ओलांडते. सकाळी म्हशींचं, मग पाणी, मग धाकट्या दोघांचं आवरायचं. आई अंथरुणावर आहे. गेल्यावर पुन्हा तेच. इथं आले की मला कुणी हाक मारत नाही. माझी दांडी हीच की बाई.’

ती हे तक्रारीच्या सुरात बोलली नाही. हिशेब सांगावा तसे सांगितले. मी मात्र तिच्याकडे बघू शकले नाही. सात वर्षे शिकवत होते आणि शाळा ही मुलांना नकोशी असते, त्यांना तिच्यातून सुटका हवी असते, हे मी गृहीतच धरले होते. कुणासाठी शाळा हीच सुटका असेल, हे माझ्या टाचणात कुठेच नव्हते.

त्या दिवशी मी एका मुलीला चार तास शिकवले. कॅटलॉगमध्ये ४२ जणांपुढे ‘गै’ आणि एकतीस नंबरपुढे ‘ह’ लिहिला. तिच्या नावापुढे उशिराची खूण त्या दिवसापासून मी कधीच केली नाही. नदीवरची मंडळी दुपारी शिपायाच्या पहाऱ्यात परत आली. मुख्याध्यापकांनी सर्वांना मैदानात उभे केले आणि सोमवारी पालकांना बोलावले. जी शिक्षा व्हायची ती झाली. पण सोमवारी मी आणखी एक केले. एकतीस नंबरची परवानगी घेऊन, ती काय म्हणाली ते वर्गाला सांगितले. भाषण दिले नाही, फक्त तेवढे सांगितले. दुसऱ्या दिवसापासून पहिल्या तासाची वही तिला लिहून देण्याचे काम मुलींनी आपापसांत वाटून घेतले. मार्चमध्ये ती परीक्षेला बसली आणि पास झाली. गुण फार नव्हते, पण पास झाली. पुढे गावाकडेच तिचे लग्न झाल्याचे कानावर आले.

नव्या मुख्याध्यापकांनी १९९३ साली या परंपरेवर एक नामी उपाय काढला. डिसेंबरात दहावीचे अधिकृत वनभोजन. शिक्षक बरोबर, जेवण शाळेचे, पोहणे बंद. मुले आली, पोटभर जेवली, खेळली, आभार मानले आणि बरोबर चार दिवसांनी नदीवर पसार झाली. सरांनी कपाळाला हात लावला. मला मात्र मनातल्या मनात हसू आले. परवानगीने मिळते ती सहल. दांडी म्हणजे आपल्या हाताने घेतलेला एक दिवस, दहा वर्षे एका घंटेवर उठले-बसलेल्या पोरांनी एकदाच स्वतः वाजवलेली घंटा. त्यानंतर आम्ही एवढेच केले, की डिसेंबरच्या शेवटी शिपायाला रोज सकाळी नदीच्या वाटेवर एक फेरी मारायला सांगू लागलो. मुलांनीही पाण्यात उतरायचे नाही, हे मान्य केले. दोन्ही बाजूंनी हा करार कधी बोलून दाखवला नाही.

पुढे हा दिवसच हळूहळू विरत गेला. कुणी बंदी घातली म्हणून नव्हे. दांडी मारायला आधी शाळेत यावे लागते ना! कल्याण-डोंबिवलीतल्या खासगी क्लासचे लोण टिटवाळ्यापर्यंत आले. दहावीची मुले सकाळी क्लास, दुपारी डोळे मिटत शाळा आणि संध्याकाळी पुन्हा क्लास अशी पळू लागली. दिवाळीनंतर तर सराव परीक्षा क्लासच्या आणि हजेरी शाळेची, अशी वाटणी झाली. अकरावी-बारावीत याच्याही पुढची पायरी. नाव ज्युनिअर कॉलेजात, शिक्षण क्लासमध्ये. ७५ टक्के हजेरीचा नियम कागदावर. हे इतके वाढले, की २०१८ साली सरकारला विज्ञान शाखेच्या ज्युनिअर कॉलेजांसाठी बोटांचे ठसे घेऊन बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढावा लागला. ही दांडी पालकांच्या संमतीने, फी भरून, वेळापत्रक लावून मारलेली. हिच्यात भेळ नाही, भेंड्या नाहीत आणि मुख्य म्हणजे ‘सगळ्यांनी’ हा शब्द नाही. प्रत्येक जण एकटाच गैरहजर.

आणि एक गैरहजेरी तर याहून जुनी आहे. आमच्या भागात दिवाळी उलटली, की पाड्यांवरची कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर कामाला जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. त्यांच्या पोरांची नावे पटावर राहतात आणि पुढे ओळीने ‘गै, गै, गै’. कॅटलॉगमध्ये हे अक्षर आणि नदीवर गेलेल्या मुलाचे अक्षर अगदी एकसारखे दिसते. एकतीस नंबर भेटली नसती, तर मलाही दोन्ही सारखीच वाटली असती.

२०२० साली तर सगळ्यांच्याच शाळांना टाळे लागले. आमच्या शेजारचा मुलगा तेव्हा दहावीत होता. पहिले पंधरा दिवस तो खूश होता. पुढे गॅलरीत येऊन मला विचारायचा, ‘काकू, तुमच्या वेळी मुलं कशी पळायची नदीवर, सांगा ना.’ २०२१ साली त्यांची परीक्षाच रद्द झाली आणि अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लागला. तो पास झाला. पण बिचाऱ्याला दांडी मारायला शाळाच मिळाली नाही.

एकतीस नंबर मला पुन्हा भेटली, ती माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षात, डिसेंबर २०१७ मध्ये. मंगळवार होता. देवळाच्या रांगेत कुणीतरी मागून हाक मारली, ‘बाई!’ पंचवीस वर्षे मध्ये गेली होती, पण उभे राहण्याची ढब तीच, दाराशी थांबल्यासारखी. आता ती गावात अंगणवाडीत काम करते म्हणाली. मुलगी दहावीला आहे, दुसऱ्या शाळेत. मी विचारले, ‘मग आज मुलगी शाळेत?’

ती हसली. म्हणाली, ‘आज त्यांच्या वर्गानं दांडी ठरवलीय बाई. पंधरा-वीस जणीच आहेत, बाकीचे क्लासला गेले. मला कालच सांगितलं तिनं. जाऊ का विचारत होती.’

‘मग?’

‘मग काय, पाण्यात उतरू नको म्हटलं,’ ती म्हणाली, ‘आणि सकाळी उठून सगळ्यांना पुरतील एवढ्या पुऱ्या करून दिल्या.’